पीएसएमचे तीन धडे, मद्रासचा एक प्रयोग

1956 साली मद्रासच्या चेटपेट भागात क्षयरोगाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल अशा चौघांनी मिळून ते उभं केलं. कामाची सूत्रं होती वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरांच्या हाती. केंद्रापुढचा प्रश्न साधा होता. क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवायचं, की औषधं देऊन घरी पाठवायचं?

आज हे विचारायचीही गरज वाटत नाही. पण त्या काळी क्षय म्हटलं की मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि दूध-अंड्यांचा खुराक हे ठरलेलं होतं. पाचगणी, मिरज ही नावं महाराष्ट्रातल्या घराघरांत त्याच कारणाने दबक्या आवाजात घेतली जात. ज्यांना परवडे ते जात. देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांत, त्यामुळे बाकीच्यांनी काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

वैद्यकीय महाविद्यालयात प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे मुलांच्या भाषेत पीएसएम, शिकवताना मी हा प्रयोग दरवर्षी वर्गात काढते. अभ्यासक्रमात जीवसांख्यिकी एकीकडे, वर्तनशास्त्र दुसरीकडे, आणि नीतिशास्त्र 2019 पासून आलेल्या ‘एटकॉम’च्या, म्हणजे वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या तासांना. मुलं तिन्हींची वेगवेगळी टिपणं काढतात, वेगवेगळी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मद्रासच्या कहाणीत हे तिन्ही विषय एकमेकांत असे गुंतलेत की एकाला हात लावला की दुसरा हलतो.

प्रयोगात 193 रुग्ण होते, बहुतेक गरीब वस्तीतले. कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियममध्ये जाणार, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. ते यदृच्छेने ठरलं. ही पद्धत तेव्हा नवीच होती. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या सांख्यिकीतज्ज्ञाने ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत ती वापरली होती आणि 1948 मध्ये तिचा अहवाल आला होता. कोणत्या रुग्णाला काय मिळणार, ते बंद पाकिटात असे. पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरलाही पत्ता नसे. कारण डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी अशक्त, खोकून बेजार झालेला रुग्ण तो नकळत खाटेकडे ढकलणार आणि धडधाकट दिसणाऱ्याला घरी पाठवणार. मग वर्षअखेरीला जो फरक दिसेल तो उपचाराचा की मुळातल्या प्रकृतीचा, हे सांगता येणार नाही.

दोन्ही गटांना औषधं तीच, आयसोनायझिड आणि पीएएस (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल). खाण्यापिण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. सॅनेटोरियममध्ये पोटभर सकस अन्न आणि आराम, घरी दाटीवाटीची खोली, अर्धपोटी जेवण आणि जमेल तसं काम. वर्षभराने पाहिलं तर सॅनेटोरियममधल्या 92 टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. घरच्यांचा 86 टक्के.

इथे मी वर्गात थांबते आणि विचारते, कोण जिंकलं? निम्मी मुलं सॅनेटोरियम म्हणतात. ज्यांनी पार्कचं पीएसएमचं पाठ्यपुस्तक रात्री उलटलेलं असतं ती म्हणतात, ‘मॅडम, फरक सिग्निफिकंट नाही, म्हणजे दोन्ही सारखेच.’ दुसरं उत्तर परीक्षेत चालून जातं, पण चूक तेही आहे. प्रत्येक गटात शंभराच्या आतबाहेर माणसं. एवढ्या संख्येवर ढोबळ हिशेब मांडला तर खरा फरक सॅनेटोरियमच्या बाजूने 15 टक्क्यांपर्यंत असू शकतो, किंवा घराच्या बाजूने तीनेक टक्के. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पी व्हॅल्यूच्या नादात हे भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही, प्रबंध लिहिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या तर मुळीच नाही.

मग जगाने या प्रयोगावर भिस्त का ठेवली? एक तर केंद्राने रुग्णांचा पिच्छा पुढेही सोडला नाही. बऱ्या झालेल्यांत रोग उलटण्याचं प्रमाण घरच्या गटात जास्त निघालं नाही. आणि दुसरी गोष्ट माझ्या मते त्याहून मोलाची. रुग्ण घरी ठेवला तर बायकामुलांना लागण होईल, ही सगळ्यात मोठी धास्ती होती. म्हणून दोन्ही गटांतल्या घरच्या माणसांवरही पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 1966 मध्ये त्याचा अहवाल आला, त्याच्या लेखकांत पहिलं नाव एस. आर. कामत यांचं आहे. रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांत क्षय वाढला, असं दिसलं नाही. जी काही लागण व्हायची ती बहुधा उपचाराआधीच झालेली होती.

घरच्यांच्या लागणीचा हा प्रश्न संख्येचा वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे. प्रयोगाला तयार झाला रुग्ण, धोका पत्करला त्याच्या घरातल्या तान्ह्या पोराने. त्या पोराला कोणी विचारलं? निदान त्याच्यावर लक्ष ठेवणं तरी संशोधकांचं कर्तव्य होतं, आणि ते त्यांनी पार पाडलं.

आता वर्तनाकडे. पीएएस हे औषध म्हणजे शिक्षाच. रोज कित्येक ग्रॅम घ्यायचं, तोंडाला चव राहत नाही, मळमळतं. घरचे रुग्ण आठवड्याला केंद्रात येऊन औषध नेत आणि विचारलं की मान डोलवत, ‘घेतो, नियमित घेतो.’ केंद्राची माणसं मग न कळवता दारात उभी राहत, उरलेली औषधं मोजत, लघवीचा नमुना घेत. त्यात रसायन टाकलं की रंगावरून कळे, औषध पोटात गेलंय की नाही. बरेचदा गेलेलं नसे. खोकला थांबला, वजन भरलं, कामावर जाता यायला लागलं, की औषध मागे पडायचं. हे अडाण्यांचंच लक्षण नव्हे. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट टाकणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिलेत! डोळ्यांसमोर गोळी गिळायला लावण्याची पद्धत पुढे मद्रासच्याच अनुभवातून आकाराला आली. पुढे ती जगभर गेली, आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आली. ती आवश्यक होती, असं मी मानते. पण आठवड्यातून तीनदा रोजगार बुडवून दवाखान्यात गोळी खायला येणाऱ्या मजुराकडे आपण त्या काळात संशयित म्हणून पाहत होतो, हेही तितकंच खरं.

स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीकडे पुन्हा वळू, कारण विद्यार्थी तिथे हमखास भांडतात. 107 रुग्णांपैकी 55 जणांना औषध मिळालं, 52 जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार दगावले, दुसऱ्यातले चौदा. या दुसऱ्या गटातल्यांना आपण एका चाचणीत आहोत, हे सांगितलंही नव्हतं. आजची कोणतीही नीतिसमिती हे चालू देणार नाही. पण ब्रिटनकडे तेव्हा औषध इतकं थोडं होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. वशिल्याने वाटण्यापेक्षा यदृच्छेने वाटणं अधिक न्याय्य, हा युक्तिवाद मला पटतो. न सांगणं मात्र पटत नाही.

पोषणाने घरच्यांचा क्षय टळतो का, हे पाहणाऱ्या झारखंडमधल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाला मात्र तो युक्तिवाद लागू पडत नाही, कारण तांदूळ काही दुर्मीळ नव्हता. 2023 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. क्षयरुग्णांना दोन्ही गटांत धान्य दिलं गेलं, एका गटात त्यांच्या घरच्यांनाही महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. धान्य मिळालेल्या 5,621 जणांत 96 जणांना क्षय झाला, न मिळालेल्या 4,724 जणांत 122 जणांना. बातम्यांत आलं, ‘क्षय 39 टक्क्यांनी घटला.’ आकडा खरा आहे. पण शेकडा 2.6 चे 1.7 झाले, असं म्हटलं तर तोच निकाल किरकोळ वाटतो. एका माणसाचा क्षय टाळायला शंभराहून थोड्या जास्त माणसांना जेवू घालावं लागलं. ‘मग परवडतं का?’ असं मुलं विचारतात. मी त्यांना तांदूळ-डाळीचा बाजारभाव काढून हिशेब करायला लावते.

मग एखादी मुलगी हात वर करते. माणसं खंगलेली आहेत हे वजनकाट्यावर दिसत असताना, निव्वळ तुलनेसाठी अर्ध्या घरांतल्या बाकीच्या माणसांना धान्य द्यायचं नाही, हे कोणत्या नीतीत बसतं? पुराव्याशिवाय सरकार तिजोरी उघडत नाही, हे माझं उत्तर असतं. ते खरं आहे, तरी तिचं समाधान होत नाही. माझंही पुरतं होत नाही. 2018 पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला 500 रुपये येत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. ते पैसे ताटात पोहोचतात की उधारी फेडण्यात जातात, हे मोजायचं कसं, यावर पुढचा तास जातो.