निलंग्याच्या माणसाचं गोंडी व्याकरण!

अहो, हातातलं काम ठेवा आणि हे ऐका! सेतुमाधवराव पगडी माहीत आहेत ना? शिवकाळाचे मोठे इतिहासकार, आपल्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे! त्यांनी गोंडी भाषेचं व्याकरण लिहिलंय! आणि कोलामीचंसुद्धा! कोलामीचं १९५० साली, गोंडीचं १९५४ साली! मी काही भाषातज्ज्ञ नाही, इतिहासाची अभ्यासकही नाही, पण हे कळल्यापासून दिसेल त्याला सांगत सुटलेय!

झालं असं की, नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात भाचीचा दीक्षान्त समारंभ होता. गर्दी म्हणजे जत्राच! फेटे, नऊवाऱ्या, कडेवर पोरं, जो तो फोटो काढतोय! शेजारी किनवटकडची एक मुलगी आणि तिची आजी. दोघींचं रंगात येऊन काहीतरी चाललेलं आणि मला एक अक्षर कळेना! मुलगीच हसून म्हणाली, "आम्ही गोंडीत बोलतोय. आजी विचारतीय, हे भिंतीला लावायचं का पेटीत ठेवायचं?" आजीनं पदवी दोन्ही हातांनी धरलेली, कोपरासुद्धा मुडपू देईना!

आणि मग मी वाचायला बसले, आणि मग थांबताच येईना! १९४० साली आदिलाबादच्या जंगलात जमिनीसाठी लढणारे कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, आणि मग त्याच सरकारनं गोंड लोक का उठले ते शोधायला हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं, आणि मग १९४३ च्या सुमारास तिथल्याच मारलवाई गावात गोंड शिक्षक घडवणारी शाळा निघाली, गोंडीतून शिकवणारी, आणि पुस्तकं कुठल्या लिपीत? देवनागरीत! आपल्याच बाराखडीत! आधी गोळ्या आणि मग पाट्या-पुस्तकं, हे विसरता येत नाही. तरीही, त्यांच्या भाषेतून शाळा! त्या काळात! पगडीही त्याच मुलखात अधिकारी होते. साहेबानं हुकूम सोडायचे, तर हा साहेब गोंडी शिकत बसला! मला हेच फार मोठं वाटतं.

आणि ऐका, तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं! १९५६ साली नांदेडला आलं! म्हणजे ही सगळी गोष्ट आपल्याच घरची! आणि विद्यापीठ? स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं, १७ सप्टेंबर १९९४ चं, तारीखही मराठवाडा मुक्तिदिनाची! त्याचं आदिवासी विकास व संशोधन केंद्र किनवटलाच, उत्तमराव राठोडांच्या नावानं!

माझं तर ठरलंय, ती व्याकरणं शोधायचीच! तुमच्या गावात जुनं वाचनालय असेल तर आजच कपाट उघडायला लावा, मागची रांगही बघा, आणि सापडलं तर मला आधी कळवा! आणि हो, नंदीग्राम एक्सप्रेस किनवटला थांबते. येताय ना?