रापण वाळवायची जागा

समुद्र अंगणात असला, तरी आम्हां गोवेकर मंडळींचा त्याच्याशी संबंध बहुधा ताटापुरताच. रापणकारांच्या वाड्यावर इमारत कशी असावी, हा प्रश्न आम्हांस पडला तो वाड्यापुढे बांधावयाच्या शेडचा नकाशा ग्रामस्थांसमोर आला तेव्हा. काँक्रीटचे खांब, गुळगुळीत फरशी, वर पत्रे, कडेला वाहनतळ. सारे नीटनेटके, फक्त रापण कोठे पसरायची, एवढेच त्यात नव्हते. नकाशाने जिला रिकामी जागा म्हटले होते, तो या लोकांचा कारखाना.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ पूंतुरा येथे लॉरी बेकर यांनी १९७४-७५ च्या सुमारास मच्छीमारांसाठी वस्ती उभारली. घरे सरळ ओळीत न मांडता त्यांनी ती मागेपुढे सरकवली. त्यामुळे समुद्र साऱ्यांना दिसतो आणि घरांपुढे जाळी वाळविण्यास, मुलांना खेळण्यास मोकळीक राहते. छपरे ठेंगणी, उतरती. विटांच्या भिंतींत जागोजाग झरोके, म्हणजे वादळी वारा भिंतीवर न आदळता तिच्यातून निघून जावा. जाळी विणणाऱ्यांना भिंतही जाळीचीच मिळाली!

आपल्याकडे टिकाऊ म्हटले की काँक्रीट. परंतु खाऱ्या हवेतील क्षार त्यात झिरपून आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि खांब तडकतो. झावळ्यांची खोप दरसाल शाकारावी लागते हे खरे, पण किनारा सरकला तर तीही सरकते. अर्थात खोपीच्या कौतुकात आम्ही वाहवत जाणार नाही. वाड्यावरच्या बायांनी त्या बैठकीत मागितले ते नळ, संडास आणि बर्फाच्या पेट्यांसाठी कुलपाची खोली. शाकारणीचे कष्ट आम्हांला थोडेच उपसायचे आहेत?

१९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध आणले. २०११ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर १०० ते २०० मीटरांच्या दरम्यान पारंपरिक किनारी समाजांच्या घरांना वाट ठेवली. घराचा विचार झाला. जाळ्याच्या अंगणाचे काय? एक-चौदाच्या उताऱ्यावर रापणीचे नाव कोण लावणार?

बैठकीनंतर नवा नकाशा आला आहे. शेड माडांच्या रांगेमागे गेली, नळ आणि संडास आले, भिंतींना झरोकेही आले. वाहनतळ मात्र अजून वाळूवरच आहे, आणि रापणकारांनी त्यावर सही केलेली नाही.