घरचे नाव, बाहेरचे नाव

परदेशात वाढणाऱ्या भारतीय मुलांविषयी लिहिताना आपल्याकडे एक शब्दप्रयोग हमखास येतो : 'दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली पिढी'. उत्तरपत्रिकांत तो दर वर्षी भेटतो आणि गुण देताना माझा हात दर वर्षी अडखळतो. कात्रीची दोन्ही पाती सारख्या धारेची असतात आणि एकाच खिळ्यावर फिरतात. या मुलांच्या बाबतीत एक पाते म्हणजे शाळा, मित्र, रस्त्यावरची भाषा. ते रोज समोर असते, दिसते, हाताला लागते. दुसरे पाते, ज्याला आपण 'परंपरा' म्हणतो, ते त्यांनी पाहिलेलेच नसते. ते आईवडिलांच्या आठवणीत असते आणि त्याच्याविषयी फक्त ऐकायचे असते.

एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या तासांना झुंपा लाहिरी यांच्या 'द नेमसेक' (२००३) या कादंबरीवर मी गेली काही वर्षे बोलते आहे. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलल्यावर आशियातून जी शिकलेली मंडळी तिकडे गेली, त्यांच्यापैकीच अशोक आणि आशिमा गांगुली हे जोडपे आहे. १९६८ साली त्यांना मुलगा होतो. त्याचे नाव कोलकात्याहून आशिमाच्या आजीने पत्रातून कळवायचे असते. ते पत्र कधीच पोहोचत नाही, आणि बाळाचे नाव नोंदवल्याशिवाय इस्पितळ घरी सोडायला तयार नसते. वडील घाईने घरगुती नाव देऊन टाकतात : गोगोल.

बंगाली घरांत हाक मारायचे 'डाकनाम' वेगळे आणि चारचौघांतले 'भालोनाम' वेगळे. ही पद्धत अमेरिकन वाचकाला समजावून द्यावी लागत असेल. आमच्या वर्गात तिला दोन मिनिटेही लागत नाहीत. हजेरीपटावर ज्ञानेश्वर असलेला मुलगा घरी पिंट्या असतो आणि वसतिगृहात आणखी काही. एकदा मात्र चर्चा भलतीकडे वळली. गोगोल अठराव्या वर्षी, १९८६ साली, येल विद्यापीठात जाण्यापूर्वी न्यायालयात जाऊन निखिल होतो, या प्रसंगावर आम्ही बोलत होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, त्याला नाव बदलून सुटता आलं. आम्ही आडनाव लावायचं सोडलं तरी लोक गाव विचारतातच." वर्ग थोडा वेळ गप्प झाला. स्थलांतर करायला समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही, हे त्या दिवशी मला त्या मुलाने शिकवले.

पण मला बोलायचे आहे ते त्याआधीच्या एका प्रसंगाविषयी. गोगोलच्या चौदाव्या वाढदिवसाला वडील त्याला निकोलाय गोगोलच्या कथांचे पुस्तक देतात. या नावामागे एक रात्र आहे. १९६१ साली रेल्वेच्या अपघातात अशोक मरता मरता वाचला होता. त्या वेळी तो 'ओव्हरकोट' ही कथा वाचत होता आणि त्या पुस्तकाच्या पानामुळेच शोध घेणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्ष गेले होते. हे सगळे मुलाला सांगावे असे वडिलांच्या मनात येते. मुलगा आपल्या संगीतात बुडालेला असतो. वडील सांगत नाहीत आणि खोलीबाहेर निघून जातात. मुलगा ते पुस्तक न वाचताच ठेवून देतो.

या कादंबरीचा सारा भार मला इथे जाणवतो. पूजा, अन्नप्राशन, शनिवार-रविवारचे बंगाली मेळावे, कोलकात्याच्या लांबलचक फेऱ्या हे सगळे त्या मुलाला न चुकता दिले जाते. ज्या गोष्टीवर त्याचे नाव उभे आहे तेवढीच दिली जात नाही. ती कळते तेव्हा तो महाविद्यालयात असतो, आणि नाव बदलून झालेले असते.

हनीफ कुरेशी यांच्या १९९४ सालच्या 'माय सन द फनॅटिक' या कथेत हेच चित्र उलटे टांगले आहे. इंग्लंडमध्ये टॅक्सी चालवणारे परवेझ दारू पितात, डुकराचे मांस खातात, आपण इथले झालो या समाधानात असतात. आणि इथेच वाढलेला त्यांचा मुलगा कडवा धार्मिक होतो. 'परंपरा म्हणजे आईबाप आणि पाश्चात्त्य जीवन म्हणजे मुले' हे समीकरण फळ्यावर मांडणाऱ्याने ही कथा जरूर वाचावी. तिथेही बाप-लेकात खरे बोलणे होत नाही. शेवटी बापाचा हात उठतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीची सोळा वर्षांची मुलगी न्यू जर्सीहून पुण्याला आली आणि जुलैअखेरपर्यंत आमच्याकडे राहिली. तिचे मराठी स्वयंपाकघरातले. कोथिंबीर, कढीलिंब, पोळी लाटणे यांत ती अडत नाही. पण बँक, निवडणूक, प्रेम यांवर बोलायचे झाले की इंग्रजी सुरू. आईवडिलांनी तिला मंडळाच्या मराठी शाळेत घातले होते आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनातही ती एकदा नाचली होती. अथर्वशीर्ष पाठ. वर्गातल्या मैत्रिणीकडे रात्री राहायला जायला मात्र मनाई, शाळेच्या नृत्याच्या कार्यक्रमाला मनाई, आणि प्रत्येक मनाईला एकच कारण : "आपल्याकडे असं चालत नाही."

इथे आल्यावर तिने 'आपल्याकडे' काय चालते ते पाहिले. तिच्याच वयाच्या आतेबहिणी फर्ग्युसन रस्त्यावरून रात्री साडेदहाला दुचाकीवर घरी येत. एकीचा मित्र घरी सरळ चहाला येई आणि तिचे वडील त्याच्याशी क्रिकेटवर बोलत बसत. आठवडाभर हे बघितल्यावर ती मला म्हणाली, "मावशी, आई सांगते ते पुणं कुठे आहे?" थोड्या वेळाने, शब्द जुळवत, आणखी म्हणाली, "तिकडे मला इंडियन राहावं लागतं. इकडे कोणालाच राहावं लागत नाही."

ताई २००१ साली लग्न करून गेली. तिच्या मनातले पुणे त्या वर्षी जे थांबले, ते तिथेच आहे. सामानात बांधून नेलेल्या वस्तूला जसे जपतात तसे तिने ते जपले. इथे राहिलेल्या आम्हाला जपायची गरजच पडली नाही. आम्ही रोज थोडे थोडे बदललो आणि बदललो हे कळलेही नाही. त्यामुळे मुलीपुढे जी परंपरा उभी राहिली ती इथेही कुठे नाही. ती आईचा विरह आहे. विरहाशी वाद घालता येत नाही, म्हणून अशा घरांत दारे आपटली जातात. हे मी ताईला दोष देण्यासाठी लिहीत नाही. अनोळखी देशात बर्फात उभे राहून ज्यांनी पहिला हिवाळा काढला, त्यांनी काय जपावे हे मी इथे बसून सांगणे उद्धटपणाचे होईल.

एक गोष्ट मात्र अभ्यासक म्हणून खटकते. मराठीत स्थलांतराची कथा बहुतेक वेळा विमानतळाच्या अलीकडून लिहिली गेली. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले म्हातारे आईबाप आपल्या मनात घर करून आहेत. मुलगा अमेरिकेत, आणि इथे दोघे वाट पाहणारे. तिकडे जाऊन स्थिरावलेल्यांचे अनुभवही मराठीत आले, प्रवासवर्णने तर उदंड आली. तिथे वाढणारे सोळा वर्षांचे पोर मात्र आपल्या साहित्यात बहुधा आजीच्या तक्रारीतून डोकावते : नमस्कार करत नाही, वरणभात खात नाही. त्याचे स्वतःचे म्हणणे मराठीत येणे अवघड, कारण ते म्हणण्याइतके मराठी त्याच्याकडे नसते. ते इंग्रजीत लिहील आणि आपण त्याचा अनुवाद वाचू. स्वतः लाहिरी २०१२ साली रोमला राहायला गेल्या आणि पुढे इटालियनमध्ये लिहू लागल्या, घरच्या बंगालीपासून आणि शाळेच्या इंग्रजीपासून सारख्याच दूर असलेल्या भाषेत. या निर्णयाला काही जण चैन म्हणतात. मला तसे वाटत नाही. दोन्हीकडून सतत परीक्षा घेतली जात असेल तर माणूस जिथे कोणी परीक्षक ओळखीचा नाही अशा गावी जाईल.

भाची परत जाण्याच्या आदल्या आठवड्यात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी सुरू झाल्या होत्या. आमच्या महाविद्यालयाची तालीम दाखवायला मी तिला नेले. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मुले-मुली घसा फोडून ओरडत होती, कोणी नेपथ्यासाठी खोकी रंगवत होते. ती भारावून बघत होती. मी सहज म्हटले, "तुझी आई यात होती. दोन वर्षं. रात्री अकराला घरी यायची म्हणून आजोबा महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. तरी दुसऱ्या वर्षी गेलीच."

तिने माझ्याकडे वळून पाहिले. "आई? माझी आई?"

मला वाटले होते, हे तिला ठाऊक असेल. वाटेत रिक्षात ती एकामागून एक विचारत राहिली : कोणते नाटक, कोणती भूमिका, आजोबा मग बोलले कधी, आई रडली का. मला आठवत होते तेवढे सांगितले. आजोबा कधी बोलले ते मला आठवत नव्हते. ती म्हणाली, "मग ते मी तिलाच विचारते."