पेज, पिठी आणि शिरवाळे : एका स्वयंपाकघराचे वर्ष

आषाढात फोंडा घाट उतरताना दिवसाही गाडीचे दिवे लावावे लागतात. राधानगरी मागे पडली की दाजीपूरच्या रानातले धुके थेट रस्त्यावर येऊन बसते. घाट संपला की हवा एकदम दमट आणि उबदार होते, आणि दोन्ही बाजूंना लावणी चाललेली शेते दिसू लागतात. कणकवलीवरून महामार्गाने कसालपर्यंत जायचे आणि तेथून मालवणच्या रस्त्याला वळायचे. मालवण तालुक्यातील एका वाडीत माझी आत्या राहते. वय 81. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा नोकरीनिमित्त डोंबिवलीत असतो.

गेल्या वर्षी आषाढात मी निघालो तेव्हा गाडीत वजनकाटा होता. फाल्गुनात आत्याला न्यूमोनिया झाला, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, आणि त्यातच रक्तदाब वाढल्याचे लक्षात आले. घरी परतताना तिचे वजन 46 किलो होते. पुढची आहाराची चिठ्ठी मी स्वतः लिहून दिली होती. आता फोनवर तिचा आवाज बारीक येऊ लागला होता. वजन आणखी घटले असेल तर दिवाळीनंतर तिला डोंबिवलीला न्यायचे, असे आम्ही भावंडांनी परस्पर ठरवून टाकले होते. तिला मात्र अजून कोणी विचारले नव्हते.

काट्यावर आकडा आला 42.

चार महिन्यांत चार किलो. वयस्कर माणसाचे वजन काही न ठरवता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर डॉक्टराने ते गंभीरपणे घ्यायचे असते. येथे घट साडेआठ टक्क्यांहून जास्त होती. मी रक्ततपासण्या करून घेतल्या, छातीचा फोटो पुन्हा काढला, थायरॉइड आणि साखर पाहिली, कवळी नीट बसते का तेही पाहिले. हे सर्व करणे आवश्यकच होते. त्यात काही निघाले नाही.

कारण स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेले होते. माझीच चिठ्ठी. मीठ कमी, पापड बंद, लोणचे बंद, सुकी मासळी बंद, नारळ बंद, सकाळ-संध्याकाळ सूप. मी शहरातून पाठवलेल्या पाकिटांचे सूप ती न चुकता करून पीत होती. त्या पाकिटावरचा मजकूर मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. मीठ भरपूर, प्रथिने नावापुरती. रक्तदाबासाठी घरातला पापड बंद करणाऱ्या डॉक्टराने दुसऱ्या दाराने मीठ घरात आणले होते, आणि पोट भरल्याचा भास तेवढा दिला होता.

“पेज करत नाहीस?” मी विचारले.

“तू लिवलंस नाय,” ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. डॉक्टर झालेल्या भाच्याची चिठ्ठी तिने अक्षरशः पाळली होती.

सिंधुदुर्गात सकाळी दहाच्या सुमारास पेज होते. उकडा तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचा आणि पाण्यासकट वाडग्यात घ्यायचा. भात उकडून मग सडला जातो, तेव्हा कोंड्यातील ब-1 जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात शिरतो. म्हणून हा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा सकस. पण पेज एकटी पुरेशी नाही. तिच्या जोडीला कुळथाची पिठी लागते. कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवलेले पीठ. लसूण-मिरचीची फोडणी, आमसुलाचा आंबटपणा, पिठल्याहून पातळ आणि साराहून दाट. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. उतारवयात स्नायू झिजतात आणि त्यामुळे तोल जाणे, पडणे, हाड मोडणे ही साखळी सुरू होते. म्हणून शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे वृद्धांचा आहार पाहणारे अनेक तज्ज्ञ आता सांगतात. तांदळातील प्रथिनांत जे कमी पडते ते कडधान्य भरून काढते. हे मी पुस्तकात शिकलो होतो. वाडीतल्या बायका ते रोज सकाळी रांधत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज आणि पिठी झाली. भाजलेल्या पापडाचा चतकोर तुकडा मी स्वतः वाढला. आत्याने अर्धाच वाडगा संपवला आणि म्हणाली, बरे आहे. मला अधिक आशा होती.

त्याच दुपारी माळ्यावरून छत्री काढताना लाकडी शेवगा दिसला. येथे सांगायला हवे की मालवणी मुलखात शेवगा म्हणजे शेंगांचे झाड तर खरेच, पण शेवया पाडण्याचा साचाही. त्यातून शिरवाळे काढतात. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे गोळे वळायचे, ते उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे. खाली पांढऱ्या, मऊ शेवया पडतात. त्यावर नारळाचे दूध, गूळ आणि वेलची यांचा रस. लहानपणी मे महिन्यात आम्ही सगळी भावंडे आलो की हा बेत ठरलेला असे. शेवग्यावर धूळ होती. शेवटचे कधी केले होतेस, असे मी विचारले.

“ते गेले त्येच्या आधी,” आत्या म्हणाली. “एकट्याक शिरवाळे जमनत नाय रे, दोन माणसां व्हयी.”

गोळा गरम असेपर्यंतच दाबावा लागतो; एकाने दांडा दाबायचा, दुसऱ्याने खाली ताट फिरवायचे आणि पुढचा गोळा हाताशी ठेवायचा. एक माणूस हे करू शकत नाही. मी छत्री तशीच ठेवून शेवगा खाली आणला, धुतला, वाळवला. संध्याकाळी मी दाबत होतो आणि आत्या ताट फिरवत होती. माझे गोळे गार झाल्याबद्दल तिने मला दोनदा रागावून घेतले. चार महिन्यांत तिचा एवढा चढा आवाज मी ऐकला नव्हता. त्या रात्री तिने एक वाटी शिरवाळे खाल्ले आणि दुसरी अर्धी मागून घेतली. मीठ जवळजवळ नाहीच, नारळाचे दूध मापाने, गूळ बेताचा. तिला मधुमेह नाही, म्हणून हे चालले.

परतीच्या वाटेवर घाट चढताना मी हाच विचार करत होतो. माझ्या चिठ्ठीत सर्व पथ्ये होती. दुसरे माणूस नव्हते. भूक मंदावण्याची कारणे आम्ही शिकतो : औषधे, दात, बद्धकोष्ठ, नैराश्य, वयाबरोबर बोथट होणारी चव आणि वास. एकट्यापुरते रांधणे आणि एकट्याने जेवणे हेही त्या यादीत असते. मी ते परीक्षेत लिहिले होते. घरात मात्र मला दिसले नाही.

त्यानंतर आम्ही एवढेच केले. शेजारच्या घरातील सुनेशी बोललो. तिचा नवरा दिवसभर बाहेर, मुलगी शाळेत. दुपारी तिलाही एकटीनेच जेवायचे असे. आठवड्यातून चार दिवस दोघींचे रांधणे एका चुलीवर होऊ लागले. सामानाचा खर्च आत्याचा मुलगा पाठवू लागला. आणि मी दर दोन-तीन महिन्यांनी घाट उतरू लागलो, त्यामुळे एका स्वयंपाकघराचे पूर्ण वर्ष पाहता आले.

श्रावणात गोकुळाष्टमीला गेलो. या दिवशी येथे शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होते. ही शेवग्याची पाने लोह आणि चुना या दोन्ही दृष्टींनी उत्तम. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यात घराघरांत सुक्या मासळीवर भर असतो. रक्तदाब असलेल्यांनी येथे जपावे. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आत राहावे. आत्याला मी सुके मासे पूर्ण बंद न करता, पाणी बदलून दोन-तीनदा धुऊन, पंधरवड्यातून एखादे वेळी, असे सांगितले. वजन होते तसेच, 42. घसरण थांबली होती.

पौषात गेलो तेव्हा भात कापलेल्या मळ्यांत, जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर, कुळीथ उभे होते. थंडीत वृद्ध माणसे पाणी कमी पितात. बद्धकोष्ठ आणि लघवीचे त्रास वाढतात. अशा दिवसांत संध्याकाळी शिजवलेल्या कुळथाचे गरम सार म्हणजे पाणी, चव आणि ऊब एकत्र. मात्र साराबरोबर खालचे शिजलेले दाणेही घोटून खावेत. नुसते वरचे पाणी प्याल तर प्रथिनांचा मोठा भाग भांड्यातच राहील. सूप पाजले म्हणजे जेवण झाले, ही आपल्याकडची मोठी गैरसमजूत आहे. काट्यावर त्या दिवशी साडेत्रेचाळीस आले.

वैशाखात चूल लवकर विझते. नाचणीचे पीठ रात्री भिजवून आंबवायचे, सकाळी शिजवायचे, निवले की ताक घालून आंबील करायची. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. आपल्या धान्यांत इतके दुसऱ्या कशात नाही. दुपारी आमसुलाची सोलकढी. नारळाचे दूध उन्हाळ्यात लवकर नासते, ते त्याच दिवशी संपवावे. आणि एक ध्यानात ठेवावे : वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. आजी पाणी मागत नाही याचा अर्थ तिला पाणी नको आहे असा होत नाही.

घरी वृद्ध माणसांचे पाहणाऱ्या वाचकांना काही गोष्टी स्वतंत्रपणे सांगायला हव्यात.

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या व्यक्तीला पातळ पदार्थ नेहमी सोपा नसतो. पाण्यासारखे सूप झपकन घशात जाते आणि श्वासनलिकेत उतरू शकते. खाता-पिताना खोकला येणे, नंतर आवाज ओलसर, घोगरा होणे, वारंवार ताप येणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. दाट पेज कधी पातळ साराहून सुरक्षित ठरते, पण किती दाट हे तपासूनच ठरते. भरवताना माणूस ताठ बसलेला असावा आणि नंतर अर्धा तास आडवा होऊ नये. शेवया, शिरवाळे, नूडल्स आधी कातरून आखूड कराव्यात.

मधुमेहींनी पेज एकटी घेऊ नये. पिठी, उसळ किंवा अंडे जोडीला घ्यावे, आणि शिरवाळ्यांचा गोड रस सणापुरता. मूत्रपिंडाचा विकार असेल तर कडधान्ये आणि नारळाचे प्रमाण, हृदयरोग असेल तर नारळाचे आणि दिवसभराच्या पातळ पदार्थांचेही प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. कुळीथ मुतखड्यावरचे औषध आहे असे समजून उपचार लांबवू नयेत. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, वजन करून कॅलेंडरवर लिहावे.

आणि पथ्य लिहून घेताना डॉक्टरांना विचारावे की बंद केलेल्या पदार्थाच्या जागी काय खायचे. हा प्रश्न माझ्या आत्याने मला विचारला नाही, कारण मी घरचा डॉक्टर होतो. कदाचित म्हणूनच मी तो स्वतःला विचारायला हवा होता.

वैशाखातल्या त्या भेटीत वजन साडेचव्वेचाळीस भरले. अजून दीड किलो कमीच आहे, आणि तो भरून येईल असे मी म्हणत नाही. डोंबिवलीचा विषय आम्ही या वेळी तिच्यासमोर काढला. “पावसानंतर बघूया,” ती म्हणाली. पुढे कधीतरी तिला जावे लागेलही. पण तेव्हा शेवगा तिच्याबरोबर जाईल, एवढे मी तिच्या मुलाकडून कबूल करून घेतले आहे. त्याच्या घरात दांडा दाबायला माणसे आहेत.

निघताना भिंतीवर पाहिले. माझी जुनी चिठ्ठी गेली होती. तिच्या जागी शेजारच्या मुलीने शाळेच्या वहीच्या पानावर आठवड्याचे वार लिहिले होते आणि प्रत्येक वारापुढे दोन नावे : आज रांधणार कोण, आणि बरोबर बसणार कोण. आता दवाखान्यात कोणी वृद्ध रुग्ण भूक नाही म्हणून आला, तर मी नाडी पाहता पाहता विचारतो, “आजी, जेवताना समोर कोण असतं?”