चाकूरच्या काळ्या मातीतून आकाशाकडे

लातूरहून नांदेडकडे निघाले म्हणजे वाटेत चाकूर हे तालुक्याचे गाव लागते. ह्याच तालुक्यात वडवळ नागनाथ येथे संजीवनी बेट नावाची टेकडी आहे. द्रोणागिरी घेऊन आकाशमार्गे जाणाऱ्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी लोकांची श्रद्धा. टेकडीवर औषधी वनस्पती विपुल असून उत्तरा नक्षत्रात दूरदूरचे लोक येथे येतात.

जेथील मातीलाच उड्डाणाची कथा चिकटलेली, तेथील मुलांस वैमानिक व्हावेसे वाटले तर नवल कसले? उदाहरणेही दूर शोधावयास नकोत. चाकूरचे शिवराज पाटील १९८८-८९ मध्ये केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री होते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे विवेक राम चौधरी १९८२ मध्ये वायुदलात लढाऊ वैमानिक झाले व २०२१ ते २०२४ ह्या काळात वायुदलाचे प्रमुख होते.

परंतु इच्छा आणि तयारी ह्यांत अंतर आहे. मारुतीस औषधी ओळखता आली नाही, म्हणून त्याने सबंध पर्वत उचलला. आपल्या मुलांस ती मोकळीक नाही. माणसे, सामान व इंधन ह्यांचे वजन मांडल्यावाचून विमान हलवता येत नाही. साठ मैलांच्या मार्गात दिशा एका अंशाने चुकली, तर विमान सुमारे एक मैल बाजूस जाते. शंभर मैल वेगाच्या विमानास वीस मैलांचा आडवा वारा लागला, तर नाक वाऱ्याकडे सुमारे साडेअकरा अंश वळवून धरावे लागते. हा सारा त्रिकोणमितीचा खेळ होय, आणि तो शाळेतील फळ्यावरच शिकावयाचा असतो.

पुढे मार्ग दोन. पहिला नागरी. विमानचालन, हवामानशास्त्र, हवाई नियम व यंत्रविषयक ज्ञान ह्यांच्या परीक्षा, बिनतारी संभाषणाचा परवाना आणि दोनशे तासांचे उड्डाण, इतके झाल्यावर व्यावसायिक परवाना मिळतो. बारामती, गोंदिया येथे अशा शाळा आहेत. मात्र खर्च कित्येक लक्षांचा. दुसरा मार्ग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. तेथे शिक्षणाचा भार सरकार उचलते. लेखी परीक्षेत गणितास तीनशे व सामान्य क्षमतेस सहाशे गुण असतात, नंतर मुलाखत. वैमानिकाची विशेष चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते. ह्या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली, हे आपल्याकडील पालकांनी ध्यानात ठेवावे.

पहिल्या मार्गासाठी जमीन विकावयास निघालेला बाप मराठवाड्यात दुर्मिळ नाही. त्यास हात जोडून एकच सांगणे आहे. सातबाऱ्याकडे पाहण्यापूर्वी मुलाची अधिकृत वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी, आणि तीही दुसऱ्या वर्गाची उरकून न थांबता पहिल्या वर्गाची. व्यावसायिक परवान्यास तीच लागते. चष्मा असला म्हणून नागरी मार्ग आपोआप बंद होत नाही. परंतु रंग ओळखण्यात दोष निघाला, तर पुढची सारी आशा व्यर्थ ठरू शकते. तो दोष मुलास स्वतःस पुष्कळदा ठाऊकही नसतो. तपासणीस लागणारे पैसे जमिनीच्या मोलापुढे काहीच नव्हेत.

परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली, असेही नव्हे. मोठे विमान चालविण्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याचा खर्च निराळा, आणि मध्ये रिकामे बसण्याचा काळही येतो. ह्याचा हिशेब आधी मांडूनच पाऊल टाकावे.

मुलाच्या पंखांस बळ देणे हा पितृधर्मच. परंतु घरातील धाकट्या भावंडांचा घास ज्या शेतावर अवलंबून आहे, त्याचा विचारही त्याच धर्मात येतो. वाल्मीकींचा हनुमानदेखील समुद्रोल्लंघनापूर्वी महेंद्र पर्वतावर पाय घट्ट रोवून उभा राहिला होता. गणित पक्के, शरीर तपासलेले आणि घर सावरलेले असले, म्हणजे आकाश चाकूरच्या मुलासही दूर नाही.