चिमणीची वेलांटी

गणिताची चौकटीची वही तुमच्या दप्तरात असेलच. गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गाने त्याच वहीतून कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवली!

त्याचं असं झालं. सुट्टीत मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. तिच्यात चित्रं काढायला 'पायगेम' नावाचं तयार साहित्य मिळतं. त्यातून मी शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक काळी पाटी केली. रुंदी ६४० ठिपके, उंची ४०० ठिपके. प्रत्येक अक्षराला १६ बाय १६ ठिपक्यांचं घर. म्हणजे एका ओळीत ४० घरं आणि ओळी २५. पाटी भरली की सगळ्या ओळी एकेक पायरी वर सरकायच्या.

तयार अक्षरं वापरता आली असती, पण मला मुलांच्या हातची हवी होती. प्रत्येकाने एक अक्षर वाटून घेतलं. भरलेली चौकट म्हणजे १, रिकामी म्हणजे ०. वरच्या चार ओळी वेलांटीच्या कमानीसाठी सोडायच्या. शिरोरेषा मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत भरायची, म्हणजे ती शेजारच्या अक्षराला जाऊन मिळते. वेलांटीलाही आम्ही स्वतःचं घर दिलं.

मग मुलं रांगेने आपापला शब्द लिहू लागली. 'कमळ', 'गवत' छान उमटले. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी आली. वर्गात ती फारशी बोलत नाही. तिला घरी 'चिमणी' म्हणतात. तिने तेच लिहिलं. पडद्यावर आलं, 'चमिणी'!

सगळा वर्ग हसला. "चमिणी! चमिणी!"

मी घाईघाईने म्हटलं, "अगं, तू सोपा शब्द लिही ना. 'घर' लिही."

ती हळूच म्हणाली, "पण बाई, मी बरोबर लिहिलंय ना?"

खरंच, तिचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती, आणि शब्द बदलायला मी तिला सांगत होते!

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. युनिकोड या जगभरच्या यादीत 'च'चा क्रमांक २३३० आणि पहिल्या वेलांटीचा २३६७. बोलताना आपण आधी 'च' म्हणतो, मग 'इ'. त्याच क्रमाने ते साठवले जातात. दिसताना मात्र वेलांटी 'च'च्या आधी उभी राहते. माझा प्रोग्रॅम क्रमांक आला की लगेच चित्र काढायचा. म्हणून वेलांटी 'च'ला सोडून 'म'जवळ जाऊन बसली.

त्या रात्री मी दोन-तीन ओळी वाढवल्या. अक्षर काढण्याआधी पुढचा क्रमांक बघ. तो २३६७ असेल तर आधी वेलांटी काढ, मग अक्षर.

सकाळी वर्गासमोर मी माझी चूक सांगितली. तिने पुन्हा लिहिलं. 'चिमणी'. या वेळी कुणी हसलं नाही.

"बाई, आता 'पुस्तक' लिहू?"

"अजून नाही गं येणार. आपल्याकडे अर्धा 'स' कुठे आहे?"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने वही माझ्यासमोर ठेवली. तिच्यात १६ बाय १६ चौकटींत 'स' होता, उभा दांडा खोडलेला.