टपालहशील निराळे

जुन्या मराठी पुस्तकांच्या जाहिरातींत शेवटी दोन शब्द हमखास असत : 'टपालहशील निराळे'. पुस्तकाची किंमत ठसठशीत, सवलत त्याहून ठसठशीत, आणि हे 'निराळे' मात्र कोपऱ्यात अंग चोरून उभे. ते नेमके किती असावे, हा प्रश्न माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनाला चाळिशी उलटल्यावर पडायचे काही कारण नव्हते. पण माझ्या संग्रहातली जादा पोस्टाची तिकिटे मी इंटरनेटवर विकायला काढली आणि तो पडला.

यातली गंमत अशी, की तिकीट पाठवायलाही तिकीट लागते. १९९६ साली अहिल्यादेवी होळकरांवर निघालेली तिकिटे माझ्याकडे सात-आठ आहेत. देवींचा जन्म आमच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. २०२४ साली जिल्ह्यालाही त्यांचेच नाव मिळाले. तेव्हा हे घरचेच तिकीट म्हणून मी एक वीस रुपयांना लावले. स्पीड पोस्टाचा १ ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर पाहिला : परगावी पन्नास ग्रॅमपर्यंत ४७ रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. एकूण ५५ रुपये ४६ पैसे! 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' ही म्हण ज्याने काढली, तो गृहस्थ बहुधा टपालाने कोंबड्या विकत असावा.

तरी टपाल हा छापील दर आहे. त्यात वादाला जागा नाही. खरा घोळ पुढच्या शब्दात : हाताळणी. पाकीट, पुठ्ठा, पारदर्शक पिशवी, चिकटपट्टी, पोस्टापर्यंतचा हेलपाटा. घरात नुसता हा विषय निघायचा अवकाश, हक्कदार उभे राहिले. सौ. म्हणाल्या, "चिकटपट्टी माझ्या शिवणाच्या डब्यातली आहे." चिरंजीव म्हणाले, "पुठ्ठा माझ्या नव्या शर्टातला." माळीवाड्यातून पोस्टापर्यंत मी चालत जातो की रिक्षाने, यावरही चर्चा झाली. चालत गेलो तर झिजलेल्या चपलेचे काय?

आमचे मामा कांदा पिकवतात. बाजार समितीत माल विकला की हातात पट्टी येते. त्यात हमाली, तोलाई, वाराई अशा ओळी असतात. मामा म्हणतात, "यातली एकेक ओळ बरोबर असती रे, निस्ती बेरीज चुकती." माझ्या हाताळणीचेही तसेच होऊ लागले. एकेक ओळ रास्त, आणि बेरीज एकशे दहा!

काही विक्रेत्यांना ही बेरीज फार आवडते. वस्तू एक रुपयाला, टपालखर्च दोनशे. कमिशन किमतीवर लागते ना, मग किमतीत काही ठेवायचेच नाही. 'ई-बे' या अमेरिकन बाजाराने ही हुशारी ओळखली आणि २०११ पासून तिकडे टपालखर्चावरही कमिशन लावले. चोरावर मोर म्हणतात तो हाच.

इंग्लंडात रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने १८३७ साली हिशेब मांडला होता, की पत्र वाहून न्यायला खर्च फारसा येत नाही. पैसा जातो तो दर ठरवण्यात, नोंदी करण्यात आणि दारोदार वसुली करण्यात. म्हणजे हाताळणीतच! त्यातून १८४० साली पेनीचे तिकीट आले, आणि १८५४ साली आपल्याकडेही अंतराची भानगड मिटून अर्ध्या आण्याचा किमान दर ठरला. आजही पन्नास ग्रॅमच्या आतले पाकीट पारनेरला धाडा नाहीतर गुवाहाटीला, ४७ ते ४७च. दर माणसाला आधी कळावा आणि सगळ्यांना सारखा असावा, एवढेच त्यातले शहाणपण.

काउंटरवर मी हे रोज पाहतो. गिऱ्हाईक दोन लाखांच्या कर्जाचे व्याज निमूटपणे भरते, आणि 'एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे कशाचे?' म्हणून अर्धा तास भांडते. रक्कम खुपत नाही, आपल्याला विचारले नाही हे खुपते. शिवाय टपालाच्या धंद्यात लबाडी झाकताही येत नाही. घेतलेले शंभर आणि पाकिटावर डकवलेले पंचावन्न, दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात एकाच वेळी पडतात.

म्हणून मी ठरवले : टपाल पावतीप्रमाणे, पाकीट-पुठ्ठ्याचे साडेचार रुपये, एकूण साठ. दहा तिकिटे घेतली तरी पाकीट एक, म्हणून साठच. माझी मेहनत, चप्पल आणि सौ.ची चिकटपट्टी तिकिटाच्या किमतीत. परवडत नसेल तर किंमत वाढवावी, टपालाच्या आडून वार करू नये.

एवढ्यात राजूरकडच्या एका शाळकरी मुलाचा निरोप आला. "काका, तिकीट वीसचं आन् टपाल साठचं. माझ्याकडं ऐंशी नाहीत. येष्टीच्या कंडक्टरकडं देता का?"

हिशेब चोख होता, पण मुलाच्या खिशापुढे चोख हिशेबाचे काय चालणार! मी कळवले, "साध्या टपालाने पाच रुपयांत जाईल. पण त्याची नोंद नसते. हरवले तर नुकसान दोघांचे निम्मे-निम्मे. चालेल?" चालेल म्हणाला. पुठ्ठा शर्टातलाच होता, त्याचे मी काही लावले नाही. पाकिटावर मात्र छापाचा कागद न लावता पाच रुपयांचे एक देखणे तिकीट डकवले.

सहाव्या दिवशी उत्तर आले : "काका, पोचलं. पाकिटावरचं पन पान्यात भिजवून काढलं. दोन झाली."

म्हणजे त्याच्यापुरते तरी टपालहशील निराळे राहिले नाही. ते सरळ संग्रहात जमा झाले.